इंदूरची गाठ

बाबांची माया मला लग्न होईपर्यंत फारशी दिसली नाही, कारण ते घरीच नसायचे. साकीनाक्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रक चालवायचे, मुंबई ते इंदूर आणि परत. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा ते धुळ्याला होते. मला टायफॉइड झाला तेव्हा घाटात कुठेतरी अडकले होते. "मालक कुठे असतात?" असं कोणी विचारलं की आई "रस्त्यावर" एवढंच म्हणायची. चाळीत नवीन आलेल्या बायका हळहळायच्या.

घरी आले की झोपायचे, दाढी करायचे आणि दिसेल ते बांधून ठेवायचे. गादीची वळकटी, रॉकेलचा कॅन, खिडकीचं मोडकं दार. मालावर ताडपत्री बांधतात तीच गाठ, ट्रक हादरेल तशी आवळत जाणारी. घरात आम्ही तिला इंदूरची गाठ म्हणायचो. योग्य टोक ओढलं की एका हिसक्यात सुटायची. ते टोक मला माहीत होतं. मी साकीनाक्याला डबा घेऊन गेले की माल भरून होईपर्यंत बाबा मला गाठ शिकवत बसायचे, कारण दुसरं काय बोलावं ते आम्हा दोघांनाही सुचत नसे. नियम दोनच. रस्सी कापायची नाही आणि काम झालं की ती ट्रकवर परत गेली पाहिजे. आईने एकदा कपडे वाळत घालायला एक ठेवून घेतली, तर बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझं लग्न मुलुंडला ठरलं. आम्ही घाटकोपरचे, म्हणजे बसने पाऊण तास. पण बाबांच्या गावाकडची रीत कडक होती. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही आणि कारणाशिवाय तिच्या दारात जायचं नाही. पाठवणीच्या दिवशी त्यांनी माझी ट्रंक बांधली. घाटकोपर ते मुलुंड, आणि गाठ इंदूरची. रडले वगैरे नाहीत. ट्रंक दोनदा हलवून पाहिली.

सासरी ती कोणाला सोडवेना. नवरा झाला, दीर झाले, शेजारचा वायरमन पक्कड घेऊन आला. शेवटी सासूबाई सुरी घेऊन आल्या.

"कापायची नाही," मी म्हटलं.

"मग तू सोड."

"मला येत नाही."

हे धादांत खोटं होतं. टोक समोर दिसत होतं. पण ते ओढलं असतं तर बाबांना इथे यायला काही कारणच उरलं नसतं, आणि मला ते यायला हवे होते. तीन दिवस मी सासूबाईंच्या साड्या नेसले आणि त्यांच्या ढगळ ब्लाउजला पिना लावल्या. माझ्या माहेरचे लोक जरा विचित्र आहेत, असं त्यांचं मत झालं. नवऱ्याने ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन करून निरोप ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा इंदूरहून थेट आले. ट्रक मेन रोडला लावला होता. पाणी नको म्हणाले, ट्रंकेपुढे बसले आणि एक हिसका दिला. वायरमन मुद्दाम बघायला आला होता, तो पक्कड खिशात घालून निघून गेला.

"मुलुंडपर्यंत यायला एवढी गाठ कशाला हो?" सासूबाईंनी विचारलं.

"रस्ता खराब आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांनी घर पाहिलं. नळ उघडून बघितला, खिडकीत उभं राहून हवा येते का ते बघितलं, दाराची कडी दोनदा लावून पाहिली. सासूबाई आत गेल्यावर हळूच गावच्या बोलीत मला म्हणाले, "तुका ही गाठ येता मां?"

"इसारलंय," मी म्हटलं.

"बरां."

त्यांनी रस्सी गुंडाळून खांद्यावर टाकली, दारापर्यंत गेले, परत आले आणि ती पलंगाखाली सरकवून ठेवली.

"रवांदे. फुडच्या खेपेक नेतंय."

पुढच्या खेपेला ते रस्सी न्यायला आले. दारातच सासूबाईंना तसं सांगितलं. कडी तपासली, उभ्या उभ्या माझ्याशी चार वाक्यं बोलले आणि रस्सी विसरून गेले. मग नातवंडं झाली, चहापाणी सुरू झालं, पुढे ट्रकही सुटला. तरी दर महिन्याला दारात उभे राहून ते तेच सांगायचे, रस्सी न्यायला आलोय.