एकाच डावाची चार नावं

पोर्ट हॅरलच्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल क्लबात वर्ना कोझाक चित्रीकरणाच्या खोलीत सव्वीस वर्षं होती. रविवारचा सामना तुकडे तुकडे करून सोमवारी प्रशिक्षकांपुढे ठेवायचा, हे तिचं काम. मत द्यायचं नाही, आणि कुणी तिला विचारतही नसे.

या सव्वीस वर्षांत क्लबानं पाच तरुण क्वार्टरबॅक वाजतगाजत आणले होते. प्रत्येक डाव ज्याच्या हातातून सुरू होतो, तो हा गडी. पाचही जण दोन-तीन वर्षांत विझून गेले. चर्चमधल्या पिरोगीच्या, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांच्या, जेवणात तिचा दीर स्टॅन दरवेळी म्हणायचा, "तुम्ही पोरं निवडताच चुकीची."

वर्नाला ते पटत नसे. या पोरांचे कॉलेजातले सामने तिनंच कापले होते. तिथे चेंडू हातात आला की ही पोरं मान वर करून, कुणाकडे फेकायचा ते निवांत बघायची. मग इथे येऊन त्यांचं होतं तरी काय?

सहावा आला टेविन ऑक्सेंडाइन, नॉर्थ कॅरोलिनाचा, मितभाषी, तिकडच्या रीतीनं थोरल्या बाईंना 'मिस' म्हणणारा. दुसऱ्या हंगामात त्यानं चौदा वेळा चेंडू थेट विरोधकांच्या हातात दिला. एका मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, तो खाली तिच्या खोलीत आला.

"मिस वर्ना, मला ते चौदाच्या चौदा दाखवाल?"

"दाखवते. पण मी फक्त कापते हं, शिकवत नाही."

"शिकवणारे पुष्कळ आहेत. गेल्या वर्षीचे म्हणायचे, थांब. यंदाचे म्हणतात, लवकर फेक."

बघता बघता एका जागी त्यानं चित्र थांबवायला सांगितलं. "हा डाव मी कॉलेजातही खेळायचो. तिथे त्याला 'हातोडा' म्हणत. गेल्या वर्षी 'डेन्व्हर' झाला, आता 'बहात्तर'. नाव ऐकलं की आधी मनात त्याचा 'हातोडा' करतो, मग बघतो."

वर्नाचं कुतूहल चाळवलं. तो गेल्यावर तिनं त्याचे कॉलेजातले तुकडे काढले आणि घड्याळ लावलं. चेंडू हातात आल्यापासून नजर वर जाईपर्यंत इथे अर्धा सेकंद जास्त लागत होता. मग तिनं आधीचे पाच जण काढले. चौघांचं तेच. चौघांचेही प्रशिक्षक दोन वर्षांच्या आत बदलले होते, आणि प्रत्येक नव्या प्रशिक्षकानं जुन्याच डावांची नवी बारशी केली होती. पाचव्याचं मात्र गणित बसेना. त्याला तिन्ही वर्षं एकच प्रशिक्षक होता. पण त्याच्यापुढची संरक्षणाची फळी चाळणीसारखी होती, आणि मार खाऊन खाऊन तो दूर बघायचंच विसरला होता.

तिनं दहा मिनिटांची फीत बनवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुख्य प्रशिक्षक ब्रॅनॉक यांचं दार वाजवलं. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली.

"खरं असेल हे," ते म्हणाले. "पण वर्ना, त्याला घडवायला तीन वर्षं लागतील. मला जानेवारीपर्यंतची मुदत आहे."

जानेवारीत त्यांना काढलं. नव्या प्रशिक्षकानं त्या डावाला 'लाल कुंपण' नाव दिलं, आणि टेविनला पश्चिमेकडच्या एका क्लबात धाडून दिलं. तिथे तो दोन वर्षं बाकावरच बसला. पोर्ट हॅरलच्या लोकांनी त्याचा विषय सोडला.

वर्ना निवृत्त झाली. टेविन पश्चिमेकडे गेल्याच्या तिसऱ्या वर्षी एका रविवारी दुपारी तो खेळताना टीव्हीवर दिसला. तोच डाव. तिनं चित्र मागे नेलं, घड्याळ लावलं, पुन्हा मागे नेलं. जास्तीचा अर्धा सेकंद कुठेच नव्हता.

चार दिवसांनी तिनं त्याला फोन केला. "तुझं अभिनंदन नंतर करते. आधी सांग, तिथे तुला शिकवलं काय?"

टेविन हसला. "फारसं काही नाही, मिस वर्ना. आमचा मुख्य क्वार्टरबॅक सदतीस वर्षांचा होता. दरवेळी मैदानाबाहेर आला की तो बाकापाशी यायचा आणि विचारायचा, 'तुला काय दिसलं?' पहिलं वर्षभर मी त्याला थापा मारल्या."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी दिसायला लागलं."