फिटलेल्या उपाडाचे पेढे

दिवाळीची सुट्टी पडायच्या आदल्या दिवशी हिलालनं कारखान्यात पेढे वाटले. कशाचे म्हणून कुणी विचारलं की तो लाजल्यासारखा हसायचा आणि म्हणायचा, "उपाड फिटला."

उपाड म्हणजे शेठकडून घेतलेली उचल. सुरतेत लिंबायतच्या त्या गल्लीत ती नाही असा कारीगर शोधावा लागतो. ती फिटल्याचे पेढे मात्र कुणी कधी खाल्ले नव्हते. लोकांनी पेढे तोंडात टाकले, बोटांचं तूप मागावरच्या काळ्या चिंध्यांना पुसलं आणि पुन्हा तुटलेले धागे जोडू लागले. पंडित मास्तरनं दोन घेतले. मागांची दुरुस्ती, हजेरी आणि पगारातली कपात त्याच्या हातात. तो हिलालच्याच तालुक्यातला, पण मास्तर झाल्यापासून कारीगरांशी हिंदीतच बोलायचा.

"कितने साल लगे?"

"चौदा."

"अच्छा," मास्तर म्हणाला आणि अंगठा चाटला.

चौदा वर्षांपूर्वी पहिली रक्कम खोलीच्या डिपॉझिटसाठी घेतली होती. तिच्यावर बायकोचं, मंगलाबाईचं, ऑपरेशन चढलं. त्यावर मुलीचं, धनश्रीचं, लग्न. शेठ व्याज घेत नसे. सगळे सांगायचे, देवमाणूस आहे. फक्त ज्याच्या अंगावर उपाड त्याला मीटरमागे मजुरी दहा पैसे कमी, आणि तो दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकत नाही. हिलाल बारा-बारा तास आठ माग सांभाळायचा. बाहेरचा चहा त्यानं सोडला. कानात खडखडाट असा बसला की घरी जेवतानाही तो ओरडूनच मीठ मागायचा. मंगलाबाई घरी साड्यांचे सुटे धागे कापायची. तिची पहिली दोन बोटं कात्रीनं वाकडी झाली होती आणि आता कात्री हातात नसतानाही तशीच राहायची.

या सगळ्याच्या शेवटी काहीतरी असेल अशी हिलालची समजूत होती. काय, ते त्याला सांगता आलं नसतं. छातीवरचं काहीतरी उतरेल, निदान श्वास तरी खोल जाईल. पेढे वाटून तो गोडादऱ्यातल्या घराकडे चालत निघाला. वाटेत खाडीच्या पुलावर मुद्दाम थांबला. खाली पाणी होतं, त्याला पाणी म्हणायचं तर. वर साबणासारखा फेस, फेसात अडकलेली एक चप्पल आणि कुजक्या अंड्याचा वास. त्यानं खोल श्वास घेतला आणि तो वास आत गेला. बाकी काहीच झालं नाही.

घरी मंगलाबाईनं विचारलं, "मंग? कसं वाटस?"

"काही नही. दाढमा पेढा अडकना."

ती हसली. मग तोही हसला. त्या दिवशी त्यांच्या घरात जे काही सुख आलं ते एवढंच.

दिवाळीला दोघं गावी गेले, शिंदखेड्याकडे. शेजारचा दगाही आला होता. तो हिलालच्याच कारखान्यातला. अंगावर दीड लाखाचा उपाड, आठवड्यातले दोन दिवस पिऊन पडलेला. पारावर हिलालनं उपाड फिटल्याचं सांगितलं तेव्हा दगा मोठ्यानं म्हणाला, "भो, तू ते आते मोकळा बैल! कोठेबी चर!" सगळे हसले. हिलाललाही ते कौतुक वाटलं.

लाभपाचम झाली, सुरतेतले कारखाने उघडले. तिसऱ्या दिवशी दगाला मास्तरचा फोन आला, गाडीभाड्याचे पैसेही आले. हिलालचा फोन वाजला नाही. दर दिवाळीला पहिला फोन त्याला यायचा. त्याला वाटायचं, आपला हात चांगला आहे म्हणून. आठव्या दिवशी त्यानंच फोन केला. "मंदी है," मास्तर म्हणाला. "आराम कर."

तो मंगलाबाईला घेऊन तसाच सुरतेला निघाला, उधना स्टेशनवर उतरला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला. त्याचे आठ माग जागेवर नव्हते. फरशीवर ग्रीसचे आठ चौकोन होते, पडलेल्या दाताखालच्या हिरडीसारखे मऊ, पण काळे. नवी, वेगानं चालणारी यंत्रं आली होती. एक माणूस पुष्कळ सांभाळू शकत होता. त्यातल्या एका रांगेत दगा उभा होता, लाल डोळ्यांचा, हात थरथरणारा. त्याच्यापुढे पडणाऱ्या कापडात दर हातभर अंतरावर दोष होता.

"हा शिकतो, आणि मी नाही?" हिलालनं मास्तरला विचारलं.

मास्तरला रागही आला नाही. "शेठ का पैसा जिसमें फँसा है, वो पहले आएगा. तेरे में क्या फँसा है?"

"काय भो," दगा मागून ओरडला, "पेढा वाटाले उना का परत?"

हिलाल उधन्यातले कारखाने फिरला. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, आधीच्या शेठचा उपाड किती होता? काही नाही म्हटल्यावर माणसं त्याच्याकडे निरखून पाहायची. ज्याला कुणी पैसे दिलेले नाहीत तो चोर असेल किंवा आजारी. एकानं तर खोकून दाखवायला सांगितलं. हिलालनं खोकून दाखवलं. पुढे कितीतरी दिवस त्याला त्या खोकल्याची शिसारी येत होती.

तीन आठवडे गेले. मंगलाबाईच्या कात्रीवर घर चाललं होतं. एका सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट काढला तेव्हा तिला समजलं.

"शेठकडे जाऊ नका," ती म्हणाली. "भाजी इका. काहीबी करा."

"भाजी? माले भाव तरी सांगता येस का?"

"मन्ही बोटं पाह्या." तिनं हात पुढे केला. "ह्या उपाड फेडामा गयात. आते काय दुसरा हात देऊ?"

त्यानं बोटं पाहिली नाहीत. शर्टाची बटणं लावत राहिला.

शेठची केबिन थंड होती, अगरबत्तीचा वास होता. "बोल हिलालभाई, कितना चाहिए?" शेठनं विचारलं. काम मागायला आलेला माणूस काय मागतो हे त्याला ठाऊक होतं. हिलालला पैसे नको होते. घरात लग्न नव्हतं, आजार नव्हता. तरी तोंडातून आकडा निघाला, साठ हजार, जणू तो आधीपासूनच जिभेखाली ठेवलेला होता. त्यानं कोऱ्या कागदावर सही केली. शेठनं नोटांचं पुडकं पुढे सरकवलं.

"अब ठीक है," शेठ म्हणाला. "अब तू घर का आदमी."

घरी त्यानं पुडकं तांदळाच्या डब्यात खाली दाबलं आणि शर्टासकट आडवा झाला. भर दुपारी. दिवाळीनंतर त्याला अशी झोप लागली नव्हती. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, चेहऱ्यावर इतकं समाधान की मंगलाबाईला पाहवेना. जी शांती त्यानं पुलावर उभं राहून शोधली होती, ती ही अशी आली होती, घोरत. संध्याकाळी तिनं त्या डब्यातले तांदूळ घेतले नाहीत. दुकानातून वेगळे पावशेर आणले.

नव्या यंत्रांवरचा पहिला पगार झाला. मीटरमागे दहा पैसे कमी होतेच. मास्तर कपातीचा आकडा लिहीत होता. पैसे डब्यात जसेच्या तसे होते. हिलालनं ठरवलं असतं तर त्याच दिवशी सगळे परत करता आले असते. पण उपाड संपला की तोही संपणार होता. रांगेतली माणसं पुढे सरकेपर्यंत तो थांबला, मग टेबलावर वाकला.

"मास्तर, या खेपेले जरा कमी काप ना."

पंडितनं मान वर केली. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा त्याच्याशी अहिराणीत बोलला.

"आते शहाणा व्हयना तू."

आणि हिलाल हसला. पेढे वाटताना हसला होता तसाच, लाजल्यासारखा.