शिंपीकाकांची कवळी

आमच्या पुरुष वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर पेशंटला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. "काका, कूस बदलू का?" "दादा, सुई टोचतेय, चालेल ना?" बेशुद्ध माणसालासुद्धा विचारतात आणि क्षणभर थांबतात. पहिल्या वर्षी मला हसू आवरायचं नाही. मी इथली मावशी. सकाळी वीस खाटांच्या चादरी बदलायच्या तर असल्या लाडीगोडीला वेळ कुठला? तसं मी तोंडावर बोललेही. त्या म्हणाल्या, "मावशी, ड्युटी आपली असली तरी अंग त्यांचं आहे."

सिस्टरांचं स्वतःचं म्हणावं असं कुणी नाही. आई होती तोवर स्वयंपाक दोघींचा व्हायचा, आता एकीचा होतो. सुट्टीच्या दिवशी कुणाशी एक शब्द बोलणं होत नाही, असं त्या एकदाच म्हणाल्या, तेही गोळ्या काढता काढता.

चौदा नंबरला शिंपीकाका होते. मांडीचं हाड मोडल्यामुळे दीड महिना पडून. कवळीशिवाय त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. रोज सकाळी सिस्टर कवळीची वाटी त्यांच्या हातात देऊन पाठ फिरवायच्या आणि ते "झालं" म्हणेपर्यंत भिंतीकडे बघत राहायच्या.

त्या गुरुवारी चार वाजता त्यांचा मुलगा येणार होता. वृद्धाश्रमाचे कागद त्याने तयार ठेवले होते. काकांना त्याला एकच विचारायचं होतं, घरी नेतोस का. आणि नेमका त्याच दिवशी मी घोळ घातला. आदल्या रात्री काकांनी कवळी वाटीऐवजी रुमालात गुंडाळून उशाशी ठेवली होती. मी चादरीबरोबर रुमालही गोळा केला आणि गाठोडं खाली धुलाईला धाडून मोकळी झाले.

काकांनी तोंडावर हात धरला तो काढेचनात. मुलाला परत पाठवा, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

सिस्टर मला रागाने काही बोलल्या नाहीत. काकांना म्हणाल्या, "काका, चूक आमची आहे. मी शोधून आणते." जेवण सोडून आम्ही दोघी रक्तालघवीच्या चादरी एकेक करून उलगडत बसलो. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. पावणेचारला रुमाल सापडला.

मुलगा पंधरा मिनिटं थांबला. मी शेजारच्या खाटेची चादर उगाच दोनदा घातली. काकांनी विचारलं, अगदी स्वच्छ शब्दांत. मुलगा खाली बघत म्हणाला, "बाबा, नाही जमणार."

तो गेला तेव्हा मला वाटलं, मेली ती कवळी सापडलीच नसती तर बरं झालं असतं. सिस्टर नाडी बघायला आल्या. "काका, हात देता?"

काकांनी हात दिला. म्हणाले, "बरं केलंत सिस्टर. नाहीतर कायम वाटत राहिलं असतं, त्याला माझे शब्दच कळले नाहीत."

नाडी मोजून झाली तरी सिस्टरांनी हात सोडला नाही. तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. "डॉक्टर, काकांना शेवटी बघाल का? त्यांना थोडा वेळ हवाय," त्या म्हणाल्या. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. सिस्टरांची ड्युटी केव्हाच संपली होती.