वायसर आणि वॉशर

पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातले चाचा भावात कधी उतरायचे नाहीत, आणि मी प्लंबर माणूस, घासाघीस सोडायचो नाही. त्यांच्याकडे नळातला रबरी तो वायसर आणि बोल्टखालचा लोखंडी तो वॉशर. शब्द चुकला की, "नीट मागा, शेठ," म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे.

माझ्या 'वायसर'ला कर्वेनगरातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी चारचौघांत हसले. दुसऱ्या दिवशी मी कोणता माल घेतो ते तपासायला ते स्वतः माझ्याबरोबर चाचांच्या दुकानात आले आणि ऐटीत वॉशर मागू लागले. चाचांनी लोखंडी चकती पुढे ठेवली.

"अहो, हा नाही. नळाचा द्या."

"मग वायसर म्हणा, साहेब. येत नसेल तर यांना विचारा. कारागीर माणूस आहे."

साहेबांनी मुकाट्याने वायसर मागितला. मी चाचांचे आभार मानले नाहीत. उलट त्याच वायसरच्या भावावरून त्यांच्याशी भांडलो.

पुढे मला न सांगता दुकान विकून ते येरवड्याला मुलीकडे राहायला गेले. त्याचा राग अजून जात नाही. येरवडा काही लांब नाही. कितीदा निघतो आणि पुलावरून परत फिरतो. भाव केल्याशिवाय त्यांच्याशी काय बोलायचे, ते मला ठाऊक नाही.