पळस तिथं धुरा

माझा राग नाकावर असतो, हे अख्ख्या बोरी अरब गावाला माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी राग गिळून शहाणपणा केला, आणि तोच नडला.

आमचं आणि काकाचं वावर लागून. वाटणीच्या वेळी आजोबा एवढंच बोलले होते, "पळस तिथं धुरा." धुरा म्हणजे मधला बांध. काकानं काय करावं? पळस बुडापासून तोडला, वरून नांगर फिरवला. पावसाळा सरला आणि पळसाचा कोंब निघाला आमच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या पिकात, चांगला पाच हात आत! काका कंबरेवर हात ठेवून बाबांना म्हणतो, "पळस तिथं धुरा. आपल्या बुढ्याचाच शब्द हाय ना, दादा?"

बाबांनी त्याची गचांडी धरली. दोघांनी एकमेकांना असं तुडवलं, की बाबांचं कपाळ फुटलं, काकाचा दात मातीत पडला. मी मधे घुसले. "थांबा ना बाप्पा! नवं झाड नाही ते, मुळाचा फुटवा आहे!"

तेव्हा मी बीएस्सीला होते, विषय वनस्पतिशास्त्र. पळसाच्या जाड मुळात अन्नाचा साठा असतो. वर तोडा, जाळा, ते लांबवर जाऊन दुसरीकडून डोकं काढतं. वणव्यातून वाचायची त्याची ती सोय.

मी टिकास घेऊन खणत सुटले. मनगटाएवढं मूळ कोंबापासून थेट जुन्या बुडापर्यंत निघालं. काय आनंद झाला मला! "पाहा काका, झाड इथलंच. धुराही इथंच."

बाबांनी मूळ तोडायला कुऱ्हाड उचलली. काकानं खाली बसून मूळ दोन्ही हातांनी धरलं. "तोडू नोको, दादा."

पण बाबा खरे ठरले होते. त्यांनी कुऱ्हाड घातली, ती काकाच्या उजव्या हाताची तीन बोटं घेऊनच थांबली. पळसाच्या सालीतून लाल रस येतो. त्या मातीत कुणाचं लाल कोणतं, कळेना. मी किंचाळत होते, आणि बाबा कुऱ्हाड टाकून भावाची बोटं वेचत होते.

तुटल्या मुळाला आता दोन्हीकडे फुटवे आलेत. त्यांना कुणी हात लावत नाही.

परवा काका डाव्या हातानं बैल सोडत होता. मला पाहून म्हणाला, "पोरी, कॉलेजात शिकवतं म्हणे तू. बोटं फुटाचं काई हाय काय तुह्या पुस्तकात?"

"नाही, काका," म्हटलं, आणि त्याच्या हातातली दाव्याची गाठ सोडायला घेतली.