तिसऱ्या बाळाची नोंद

माझी थोरली जाऊ ग्रामपंचायतीची मेंबर होती. जागा बायांसाठी राखीव, म्हणून घरच्यांनी तिला उभी केली. पण निवडून आल्यावर ती गप्प बसली नाही. वरच्या वस्तीवरच्या बाया ओढ्यात झरा उकरून पाणी भरायच्या. तिथं नळ न्यायचाच, असं तिनं धरलं. मला चार माणसांत शब्द फुटत नाही. ती ग्रामसभेत बोलायची तेव्हा मी मागं बसून ऐकत राहायचे.

त्या सुमारास नवा नियम आला होता, तिसरं मूल झालं की मेंबर अपात्र. जावेला दोन मुली होत्या आणि पुन्हा दिवस गेले. नळाला अजून मंजुरी नव्हती.

सासऱ्यांनी तोड काढली. "बाळंतपण डिंभ्याला, माहेरी कर. नोंद धाकटीच्या नावावर करू. मेंबरकी ऱ्हाईल."

धाकटी म्हणजे मी. मला एकच मुलगी, पुढं मूल राहिलं नाही. मी खाली बघून भाकरी थापत होते, पण मनातून मला ते हवं होतं.

आमचा ऊस नणंदेच्या मालकांच्या नावावर कारखान्याला जायचा, कारण सभासद ते होते. जाऊ सासऱ्यांना म्हणाली, "मामा, पोर म्हंजे काय ऊस हाय व्हय, दाजींच्या नावावर घालायला?"

"लई शानी! मंग बस घरी."

"बसंन. पर आदी नळ."

नवव्या महिन्यापर्यंत ती तालुक्याला खेपा घालत होती. मंजुरी आली, पाइप वस्तीवर येऊन पडले. मग मुलगा झाला.

नोंदीला आम्ही दोघी गेलो. बाळ माझ्याकडं होतं. सासऱ्यांची तोड गावभर झाली होती. पंचायतीच्या ओट्यावरचा एक मेंबर हसला, "आई कोन, ठरलं का?"

जावेनं ग्रामसेवकांना मोठ्यानं स्वतःचं नाव सांगितलं. "तिसरं हाय, तसंच लिवा." मग माझ्याकडं हात पुढं केले. मी बाळ दिलं.

पुढं कागद आला. मी चौथी शिकलेली, अक्षर लावून वाचलं: सदस्य राहण्यास अपात्र. मला तो शब्द तिच्या नावाशेजारी बघवेना.

नळ सुरू झाला तेव्हा नारळ नव्या मेंबरबाईनं फोडला. जाऊ मागं माझ्याजवळ बसली होती, पोरगं मांडीवर. वस्तीवरची एक म्हातारी पहिली कळशी भरून थेट मागं आली आणि जावेच्या पायांवर पाणी घातलं.