मशीनबाईंची मंजुरी

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या संस्थेत सगळे मशीनबाई म्हणतात. घरात ती धाकटीच, केस पिकले तरी. माझे यजमान गेले तेव्हा ती आठवडाभरासाठी म्हणून माझ्याकडे आली आणि मग तिचं टेबल, तिचा दिवा, तिच्या चपला असं एकेक मागून येत गेलं. लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" म्हणते, जणू बँकेत जायचं राहून गेलं.

संस्था संशोधनाची आहे. कोणी ताऱ्यांवर काम करतं, कोणी मातीवर, कोणी नदीच्या पाण्यावर, आणि सगळ्यांनाच संगणक लागतात. पण दर वेळी टेबलाखाली नवा डबा आणून ठेवत नाहीत. तळमजल्यावर एका थंडगार खोलीत मोठी यंत्रं आहेत, आणि त्यांच्या पोटात हवे तेवढे छोटे संगणक नुसत्या आज्ञेने वसवता येतात. त्यांना हात लावता येत नाही, पण काम खऱ्यासारखंच करतात. धाकटीने हे मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे एका घरात पुष्कळ बिऱ्हाडं." तिने नाक मुरडलं. पुढे एकदा फोनवर कोणाला तरी समजावताना तिने बिऱ्हाडंच वापरली, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

ही बिऱ्हाडं देणं तिच्या हातात होतं. लोक तिच्या टेबलाशी यायचे. ती चष्म्यावरून बघायची. "कशासाठी हवंय? किती मोठं? काम संपल्यावर बंद कोण करणार?" मोठमोठे प्राध्यापक तिच्यापुढे शाळकरी पोरांसारखे चुळबुळत उभे राहायचे. मग एकदोन दिवसांनी मशीन तयार व्हायचं, आणि त्याला ती नाव द्यायची, नेहमी पक्ष्याचं. त्यामुळे जिन्यात कोणी "माझं घुबड आज हळू चाललंय" म्हणालं तर तिथे कोणी हसत नसे. तारेवाल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांकडे सगळ्यांत जुना होता, खंड्या.

लहानपणापासून तिचं असंच. आम्ही दोघी नन्सच्या शाळेत शिकलो. वर्गात खडू वाटायचं काम सिस्टरने तिच्याकडे दिलं होतं. पुढे ते दुसऱ्या एका मुलीला दिलं, तर धाकटी त्या मुलीशी अख्खं सत्र बोलली नाही. "खडू कोणीही वाटेल," मी तिला म्हटलं होतं. ती म्हणाली, "म्हणूनच."

दोन वर्षांपूर्वी तिच्या विभागात एक बाई बदलून आली. धाकटी तिचं नाव घरात घेत नसे. "ती हसरी" म्हणायची. जेवायला बसलं की हसरी सुरू. हसरीने आज टेबलावर कुंडी आणून ठेवली. हसरी कोणालाही 'बघते हां' म्हणते आणि खरंच बघते. नदीवाले आता जिन्यातून वळले की आधी हसरीकडे थांबतात.

"मग बरंच की, तुझं काम हलकं झालं," मी म्हटलं.

"ताई, तुला काही कळत नाही."

मला कळत होतं. खरं सांगायचं तर मलाही त्या हसरीचा राग यायला लागला होता. पूर्वी जेवताना धाकटी माझं थोडं तरी ऐकायची.

अशात विभागप्रमुखांनी ठरवलं की लोकांनी मशीन मागायला कोणाच्या दारात यायला नको. संगणकावर एक पान असेल, त्यावर लहान, मध्यम, मोठी अशी तयार मशीनं मांडलेली असतील. आपलं आपण निवडायचं, बटण दाबायचं, काही मिनिटांत मशीन हजर. मुदत संपली की ते आपोआप बंद. ही सगळी व्यवस्था धाकटीने आणि हसरीने मिळून लावायची.

धाकटी त्या संध्याकाळी चपला न काढताच खुर्चीत बसली. "दुकान बंद करायचं, आणि कुलूपही मीच लावायचं," ती म्हणाली.

पण कामात ती कच्ची नाही. दोघींनी मशीनचे साचे तयार केले, कोणत्या विभागाला किती वाटा ते ठरवलं, मुदती घातल्या. नव्या मशीनांना पक्ष्यांची नावं मात्र मिळणार नव्हती. नवी व्यवस्था विभागाचं अक्षर आणि पुढे आकडा असं नाव आपणच देते. धाकटीने हे सहज मान्य केलं, तेव्हाच मी ओळखलं की ती दुसरीकडे कुठेतरी हात मारणार.

तो तिने मंजुरीच्या नियमात मारला. मागणी कितीही लहान असो, ती आधी मशीनबाईंकडे येणार आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय पुढे सरकणार नाही.

"बाई, लहान मशीनं तरी सरळ जाऊ द्या ना," हसरी म्हणाली म्हणे. "लोकांनी आपल्या हाताने वाढून घ्यायचं, आणि आपण पळी धरून उभ्या."

"पळी धरलीच पाहिजे. नाहीतर पातेलं घेऊन जातील."

नियमांच्या यादीत आणखी एका चौकटीत धाकटीने मुद्दाम खूण केली: ज्याने मागितलं त्याला स्वतःच मंजुरी देता येणार नाही. हे हसरीसाठी होतं. उद्या मंजुरी तिच्याही हातात गेली आणि तिने लाडक्या लोकांसाठी स्वतःच मागून स्वतःच मंजूर करायला सुरुवात केली तर? त्याखाली एक रकाना होता, मंजुरी देणारा नसेल तेव्हा दुसरं कोण. हसरीने आठवण करून दिली, "बाई, हा रिकामाच राहिलाय."

"राहू दे. मी कुठे जाते?"

तिथे एकच नाव बसण्यासारखं होतं, आणि ते तिला टंकायचं नव्हतं.

मग सगळ्या विभागांना दाखवण्याचा दिवस आला. सभागृह भरलं होतं. धाकटीने ठेवणीतली साडी नेसली होती. प्रमुख म्हणाले, बाई आता तुमच्यासमोर मशीन तयार करून दाखवतील. तिने सगळ्यांत लहान मशीन निवडलं, बटण दाबलं, आणि मोठ्या पडद्यावर अक्षरं आली: मंजुरीची प्रतीक्षा.

ती थांबली. लोकही थांबले.

"नेटवर्क जरा मंद आहे," धाकटी म्हणाली.

नदीवाले पुढच्या रांगेत होते. "नेटवर्क नाही बाई. तिथे लिहिलंय ना, मागणार कोण, तुम्ही. मंजुरी देणार कोण, तुम्ही."

"मग द्या की मंजुरी," मागून कोणीतरी म्हणालं.

पण तिला देता येईना. तिचीच खूण तिला आडवी आली होती. तारेवाले म्हातारे प्राध्यापक काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "आता कळलं, बाई, आम्ही कसे उभे असायचो?" सभागृह हसलं. वाईट हसणं नव्हतं, पण धाकटीला हसण्यात फरक करता येत नाही.

हसरी दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती. ती हसली नाही. धाकटीने हे मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा तक्रारीच्या सुरात.

शेवटी त्या मोठ्या पडद्यावर, सगळ्यांच्या देखत, तिने नियम उघडला, रिकाम्या रकान्यात हसरीचं पूर्ण नाव टंकलं, मागणी रद्द करून पुन्हा केली. हसरीने बसल्या जागी फोनवर बोट टेकवलं. थोड्याच वेळात मशीन उभं राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"कोणासाठी वाजवल्या ते काही कळलं नाही," धाकटी घरी येऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच लहान मशीनं मंजुरीतून मोकळी केली. मोठी ठेवली. त्यानंतर तिच्या टेबलाशी येणारे कमी झाले. ती त्या पानावर बसून कोणी काय घेतलं ते बघत राहायची, घरी येऊन मला सांगायची. आवाजात पूर्वीची धार नव्हती. हसरीकडे लोक मात्र अजून थांबतात, कुंडी बघायला, असं तिचं म्हणणं.

मी दर वर्षी माझ्या मुलाकडे जाते. धाकटी कधी येत नसे; मागे मशीनं कोण बघणार, हे तिचं उत्तर ठरलेलं. या वर्षी मी म्हटलं, "आता तर तुझ्या रकान्यात दुसरं नाव आहे." ती उठून बॅग काढायला गेली.

तिथे पोचलो त्या क्षणापासून फोन तिच्या हातात. जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशीशी. तो वाजेना. माझी सून म्हणाली, "मावशी, कोणाची वाट बघताय?"

"कोणाची नाही गं. एवढे दिवस कोणाचं काही अडलंच नाही, याचं नवल वाटतंय."

"हसरीकडे जात असतील सगळे," मी म्हटलं. असं म्हणायला नको होतं, पण म्हटलं.

शेवटी एका दुपारी तिने स्वतःच फोन लावला. मी शेजारी मटार सोलत होते, आणि हसरीचा आवाज मोठा आहे.

"सगळं ठीक ना?" धाकटीने विचारलं.

"ठीक आहे बाई. तुम्ही सुट्टीवर आहात म्हणून फोन केला नाही. एकच अडलंय. खंड्याची मुदत संपली. यंत्रणा तो बंदच करत होती, मी हाताने चालू ठेवलाय."

"का? प्राध्यापकांना विचारलंस?"

"विचारलं. ते म्हणाले, नाव बाईंनी ठेवलंय, बाईंना विचार."

धाकटी उठून खिडकीशी गेली. "त्यांचं तिथलं काम कधीच संपलंय," ती म्हणाली. "आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घे. मग बंद कर. आणि त्यांना सांग, मी सांगितलं म्हणून."

"सांगते. आणि बाई, आता त्यांना नवं हवंय. मोठं. मंजुरी मी देऊ का?"

"नको. ते राहू दे. मी आल्यावर बघते."

फोन ठेवून ती माझ्याजवळ बसली आणि मटार सोलायला लागली. निम्म्या शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "तशी वाईट नाही ती."

त्या 'तशी'वर तिने एवढा जोर दिला की शेंगेतला दाणा उडून टेबलाखाली गेला. मग मला म्हणाली, "परत गेलो की एकदा जेवायला बोलावू का तिला?"

"बोलाव की," मी म्हटलं, आणि तो दाणा शोधायला खाली वाकले, कारण माझा उतरलेला चेहरा तिला दिसायला नको होता.